खिडकीपुढचा ट्रक

माणसानं खिशात काय ठेवावं याला काही धरबंध असावा. पैसे ठेवावेत, किल्ल्या ठेवाव्यात, फार तर एखादा रुमाल. आपल्या विमेवाल्यांनी एका रविवारी सकाळी बायकोच्या कापडांच्या गाठोड्यातून पिवळ्या मऊ फलालिनीचा एक तुकडा उचलला, नीट घडी करून खिशात घातला आणि फिरायला बाहेर पडले. साधी गोष्ट. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण त्या तुकड्यानं पुढे त्यांच्या संसारात जो गोंधळ घातला तो ऐकलात, तर तुम्ही खिशातला रुमालसुद्धा घरी ठेवून बाहेर पडाल.

विमेवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. विमा कंपनीच्या अपघात विभागात ते कारकून होते, म्हणून गल्लीत त्यांना सगळे विमेवाले म्हणत. त्यांच्या बायकोला शिवणबाई म्हणत, कारण घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. (दोघांची खरी नावं फक्त लाइटच्या बिलावर होती, आणि तीही चुकीची छापलेली.)

अपघात विभागात काम करणाऱ्या माणसाचं गाड्यांशी असलेलं नातं फार दुःखाचं असतं. चेपलेली दारं, फुटलेल्या काचा, नाल्यात उलथून पडलेल्या मोटारी, हे फोटो बघण्यात विमेवाल्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. धडधाकट गाडीचा कागद त्यांच्या टेबलावर येणार कशाला? त्यामुळे रस्त्यात एखादी धड गाडी दिसली, आणि त्यातून ती जुनी असून धड असली, की खानावळीत जेवणाऱ्याला घरचं ताट दिसावं तसं त्यांना होई.

तशात डॉक्टरांनी त्यांचं वजन बघितलं आणि सांगितलं, "रोज सकाळी चालत जा."

"कुठे?" विमेवाल्यांनी विचारलं.

"कुठेही."

"आणि मग?"

"मग परत या."

हा व्यवहार विमेवाल्यांना काही पटेना. जायचं आणि परतच यायचं, तर आधीपासून घरी बसलेलं काय वाईट? पण डॉक्टरांपुढे बोलता येत नाही आणि बायकोपुढे तर त्याहून नाही. निघाले बापडे.

आणि त्यांचं नशीब बघा, दिवस पानगळीचे होते. उन्हाळाभर कुंपणांवर ज्या वेली हिरव्या भिंतीसारख्या उभ्या असतात, त्यांची पानं झडून गेली होती आणि पलीकडचं सगळं दिसायला लागलं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या कुंपणाआड गोल पाठीची, गुबगुबीत मडगार्डांची एक जुनी मोटार निघाली. बेकरीवाल्याच्या मागच्या अंगणात लाकडी पाठीची व्हॅन होती, तिच्यात तो पिठाची रिकामी पोती ठेवायचा. संगीतशिक्षकांच्या दाराशी ताडपत्रीखाली एक लांबलचक गाडी झोपली होती, बाहेर डोकावत होते ते फक्त तिचे दोन दिवे. वर्षानुवर्षं याच रस्त्यांनी विमेवाले ऑफिसला गेले होते आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ते चालायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या दुप्पट चालले. फक्त दर थोड्या अंतरावर थांबत, कमरेत वाकत आणि मोबाइल काढून फोटो घेत.

पण घरी येऊन फोटो बघावा, तर बॉनेटवर पानांचा ढीग आणि दिव्याच्या काचेवर पाखराचा प्रसाद. ओठाला वरण लागलेल्या माणसाचा फोटो काढल्यासारखं ते दिसे. म्हणून तो फलालिनीचा तुकडा. आधी गाडी पुसायची, मग फोटो. मालकांची काही हरकत नव्हती. फुकटात गाडी पुसून मिळत असेल तर हरकत घ्यायला कुणाला वेड लागलंय? दातांचे डॉक्टर गॅलरीतून हात हलवत. बेकरीवाला म्हणाला, "मागची बाजूही घ्या, जमलं तर."

आता ट्रककडे येऊ. उन्हाळ्यात कधीतरी लांब नाकाचा एक जुना निळा मालट्रक धापा टाकत गल्लीत शिरला, विमेवाल्यांच्या पुढच्या खोलीच्या बरोबर खिडकीसमोर येऊन खोकला आणि गप्प झाला. ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडून बघितलं, दाराला कुलूप लावलं आणि गेला, तो गेलाच. खिडकीच्या आणि ट्रकच्या मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट उरली. खिडकीतून पूर्वी रस्ता दिसायचा, आता निळा पत्रा दिसायला लागला.

उन्हाळा होता तोवर शिवणबाईंनी ते चालवून घेतलं. ऊन लागत नाही, असं कौतुकसुद्धा केलं. पण पानगळ आली, दिवस आखूड झाले, ऊन तिरपं झालं आणि पुढच्या खोलीत भरदुपारी संध्याकाळ व्हायला लागली. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या हाती आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. गावातल्या वकिलांच्या संघटनेचे कोट. म्हणजे काळं कापड, काळा दोरा, काळं अस्तर, काळी बटणं, आणि समोर ट्रक. दिवा लावला तर हाताचीच सावली टाक्यावर पडे. पहिला कोट शिवून झाला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. उसवायला बसल्या, तर काळ्या कापडातून काळा दोरा सापडेना.

हे काम नीट गेलं तर वकिलांचं शिवण कायमचं त्यांच्याकडे येणार होतं. बिघडलं तर मशीनवर चादर टाकायची आणि बाजारातल्या रेडिमेडवाल्याच्या पोटमाळ्यावर रोजानं कामाला जायचं, हे त्यांना दिसत होतं आणि ते त्यांना मुळीच नको होतं. ती खोली, ते मशीन, भिंतीवरच्या त्या कात्र्या, सगळं त्यांनी एकटीनं उभं केलेलं. त्यात विमेवाल्यांचा वाटा एवढाच की त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला होता. (तोही पडला.)

तेव्हा शिवणबाई पदर खोचून नगरपालिकेत गेल्या आणि तक्रार देऊन आल्या. दुसऱ्याच दिवशी निरीक्षक येऊन ट्रक बघून गेले. बारीक अंगाचे, सावकाश बोलणारे, कानावर पेन्सिल आणि खिशात खडू. रात्री जेवताना शिवणबाईंनी सगळं सांगितलं.

"अहो, ते दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे गाडीवर पानं साचली पाहिजेत. आणि दुसरं, त्यांनी टायरवर खडूची रेघ मारलीय, ती तशीच राहिली पाहिजे. पानं तशीच, रेघ तशीच, म्हणजे गाडी हललेली नाही, म्हणजे बेवारस. मग उचलून नेतात."

"वा."

"ऐकताय ना?"

"ऐकतोय की. पानं."

विमेवाले ऐकत नव्हते. ताटाशेजारी मोबाइल होता, मोबाइलवर दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचा डावा दिवा होता, आणि तो बोटांनी मोठा करून ते बघत होते. बायकोच्या बोलण्यातला एखादा शब्द झेलायचा आणि तसाच परत टाकायचा, ही कला त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी साधली होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. फरक एवढाच की हा घडा मधूनमधून हुंकार देई.

आणि खरी गोम पुढेच आहे. विमेवाल्यांना तो ट्रक मनापासून आवडत असे. हे बायकोला सांगायची त्यांची छाती नव्हती, पण सकाळच्या फेरीचा श्रीगणेशा ते ट्रकपासूनच करत. शिवणबाई तेव्हा मागे स्वयंपाकघरात असत, आणि पुढच्या खिडकीतून ट्रकची रस्त्याकडची बाजू दिसण्याचा प्रश्नच नव्हता. विमेवाले बॉनेटवरची पानं झाडत, मडगार्ड पुसत, दिव्यांवर हाः करून फलालीन फिरवत. ऑफिसातल्या टेबलांना लावायचं मेणाचं पॉलिश डबीतून आणून तेही त्यांनी दोनदा लावलं. एक दिवस पुढच्या टायरवर खडूची रेघ दिसली. "काय एकेक कार्टी असतात," असं पुटपुटत त्यांनी ती ओल्या फडक्यानं घासून काढली. पुढे ती रेघ पुन्हा उगवली. त्यांनी पुन्हा घासली.

निरीक्षक दुसऱ्यांदा आले आणि ट्रककडे बघतच राहिले.

"बाई, एवढी स्वच्छ गाडी आमच्या साहेबांचीसुद्धा नाही. ही वापरातली गाडी आहे."

"अहो, कसली वापरातली? उन्हाळ्यापासून इथून इंचभर हललेली नाही."

"पण रेघ नाही. म्हणजे चाक फिरलं."

"ट्रक तर तुमच्यासमोर इथेच उभा आहे ना?"

"इथून जातो आणि इथेच येतो," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "गाड्या तेच करतात, बाई."

त्यांनी नवी रेघ मारली आणि गेले. पुढच्या खेपेलाही तोच प्रकार. शिवणबाई मनातून खचल्या. एका कोटाची कॉलर उलटी लागली होती, सुई ओवायला त्यांना दाराच्या फटीशी जाऊन उभं राहावं लागत होतं. पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला. ट्रकचा मालक चोरपावलांनी पहाटे येतो, ट्रक पुसतो आणि पसार होतो.

"तुम्ही सकाळी फिरायला जाताच ना?" त्या विमेवाल्यांना म्हणाल्या. "उद्या कुठे जाऊ नका. ट्रकपाशी थांबा. कोण येतं बघा. काही बोलू नका, फक्त चेहरा लक्षात ठेवा."

विमेवाल्यांना हे काम फार आवडलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच ते ट्रकपाशी जाऊन उभे राहिले. पुष्कळ वेळानं घरात आले तेव्हा हातपाय गार पडले होते, पण तोंडावर समाधान होतं.

"आला होता?" शिवणबाईंनी विचारलं.

"कुणीसुद्धा नाही."

"नीट बघितलंत?"

"अगं, पापणी लववली नाही. पूर्ण वेळ तिथेच होतो."

"पण मी आत्ता बाहेर जाऊन आले. ट्रक चकचकीत आहे. एक पान नाही. रेघ पुसलेली आहे."

"असणारच. मी होतो ना तिथे, पुसत."

शिवणबाईंच्या हातातली कात्री टेबलावर टेकली. विमेवाल्यांनी स्वतःचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकलं. खोलीत अंधार होता म्हणून बरं, बायकोचा चेहरा त्यांना नीट दिसला नाही.

"काय पुसत?"

"ट्रक."

"रोज?"

"रविवारी जरा जास्त."

"आणि रेघ?"

"मला वाटलं पोरांनी..."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याला पकडायला पहारा बसवला, तोच पहारेकरी. शिवणबाई ओरडल्या असत्या तर विमेवाल्यांना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून फलालिनीचा तुकडा काढून घेतला, मशीनच्या खणात टाकला आणि म्हणाल्या, "आजपासून त्या ट्रकला हात लावायचा नाही. बघायचं असेल तर लांबून बघा."

त्या संध्याकाळी विमेवाल्यांनी पहिल्यांदा बायकोकडे नीट बघितलं. ती दाराच्या फटीशी कोट उजेडात धरून उभी होती, डोळे बारीक करून टाका शोधत होती, मधूनच डोळे चोळत होती. आपण तिचं वाटोळं करायला निघालो होतो, तेही तिच्याच गाठोड्यातल्या चिंधीनं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच, हे त्यांना पुरतं पटलं. आणि चूक पटलेला नवरा हा चूक करणाऱ्या नवऱ्यापेक्षा धोकादायक असतो, कारण तो ती दुरुस्त करायला जातो.

टायरवरची रेघ शिवणबाईंनी निरीक्षकांना सांगून नव्यानं मारून घेतली, पण अडचण अशी होती की ट्रकवर पानं ठरतच नव्हती. वरच्या झाडावरून भराभर गळायची, बॉनेटवर पडायची आणि पॉलिशवरून घसरून खाली. निरीक्षक यायचा दिवस जवळ आला, तरी ट्रक आपला नव्या नवरीसारखा उजळ. शेवटी विमेवाल्यांनी कुणाला न विचारता (इथेच माशी शिंकते) एक उशीचा अभ्रा घेतला, सकाळी बागेत गेले आणि अभ्रा भरून पानं घेऊन आले. घरातून कापडाला लावायच्या खळीचं पातेलं हळूच उचललं. मग एकेका पानाला खळ लावून ते बॉनेटवर, मडगार्डवर, केबिनच्या टपावर चिकटवायला घेतलं. कारकुनाचा हात. पानं ओळीत लागली, सरळ समासासह.

त्याच दिवशी कोटांची ट्रायल होती. खोलीत काही दिसत नाही म्हणून शिवणबाईंनी वकिलांना गल्लीतच उभं केलं होतं. कुणाला एकच बाही, कुणाला कॉलर नाही, सगळ्यांच्या अंगावर कच्च्या शिलाईचे पांढरे टाके. तोंडात टाचण्या धरून शिवणबाई एकाची पाठ टाचत होत्या आणि तेवढ्यात निरीक्षक आले.

त्यांनी ट्रक बघितला. शिवणबाईंनीही त्याच वेळी बघितला. इतकी पानं बघून त्यांचा चेहरा उजळला.

निरीक्षकांनी वर झाडाकडे बघितलं, मग ट्रककडे बघितलं.

"बाई, या झाडाची पानं माझ्या बोटाएवढी. ही पानं माझ्या पंजाएवढी. अशी झाडं फक्त बागेत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे हा ट्रक बागेत जाऊन आला. चालतो."

"हा परिस्थितीजन्य पुरावा झाला," एका बाहीचे वकील म्हणाले. "पान वाऱ्यानंही येतं."

"वारा काय ओळीत पानं लावतो?" बिनकॉलरचे वकील म्हणाले.

निरीक्षकांनी एक पान उचलायला बघितलं. पान उचलेना. नखानं खरवडून त्यांनी ते सोडवलं आणि नाकाशी नेलं.

"खळ आहे," ते म्हणाले.

सगळ्यांनी विमेवाल्यांकडे बघितलं. ते पातेलं पाठीमागे लपवून उभे होते आणि पातेल्यातला चमचा त्यांच्या कोपराखालून बाहेर आला होता.

"तुम्ही काही बोलू नका," एका बाहीचे वकील पुढे होत म्हणाले. "मी आहे."

पण निरीक्षकांना काही ऐकायचंच नव्हतं. "रोज पुसणारं माणूस आहे, पानं लावून सजवणारं माणूस आहे. जिला एवढं करणारा वाली आहे, ती गाडी बेवारस कशी? तक्रार निकालात काढतो. नमस्कार." आणि ते निघून गेले. खडूची रेघसुद्धा मारली नाही.

कोट द्यायचे दिवस तोंडावर आले होते आणि आता तो ट्रक तिथे कायमचा बसणार होता. विमेवाल्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. (जमिनीनं त्यांचं वजन बघून विचार बदलला असणार.)

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारबाबा दिसले. पाय ओढत, काठी टेकत ते ट्रकपाशी आले आणि थबकले. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, दिव्याच्या काचेत वाकून बघितलं, पानांच्या ओळींवर बोट टेकवलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

वकील लोक एरवी एकमताचे नसतात, पण या वेळी सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली.

म्हातारबाबांनी विमेवाल्यांचे दोन्ही हात धरले. खळ त्यांच्याही हाताला लागली. "मी हिचा ड्रायव्हर आणि मालकही मीच. इथे हिनं मान टाकली आणि माझंही गुडघ्याचं दुखणं निघालं. मुलीकडे ठेवायला जागा नाही. उद्या भंगारवाला न्यायला येणार होता. आज म्हटलं, शेवटचं बघून येऊ. वाटलं होतं, पानापाचोळ्यात गाडली गेली असेल, म्हणजे सोडताना जड जाणार नाही. आणि बघतो तर ही अशी. परक्या माणसानं इतकं जपलं, सजवलं, आणि मी भंगारात घालू? नाही. तोडायची नाही आता. इथेच राहू दे."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. विमेवाले हातावर हात ठेवून बसले असते, तर ट्रक दुसऱ्या दिवशी आपोआप जाणार होता. ते शिवणबाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या टाचण्यांच्या उशीला टोचल्या. नवऱ्याच्या अनुभवात हे लक्षण फार वाईट होतं. पण म्हातारबाबा बाहीनं डोळे पुसत होते, आणि शिवणबाईंचा राग तसा मुळात मेणाचाच. त्यांनी गळ्यातली टेप काढली, ट्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत मापला, मग घराच्या बाजूला जाऊन तिकडची जागा मापली. त्या बाजूच्या भिंतीला खिडकी नव्हती. तिथे फक्त विमेवाल्यांची पेपर वाचायची खुर्ची असे.

"बाबा, भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "किल्ली आणलीय?"

"आहे ना. पण इंजिन मेलंय, पोरी."

"इंजिन कशाला हवं? एवढे वकील आहेत."

असा देखावा त्या गल्लीनं कधी बघितला नव्हता. म्हातारबाबा केबिनमध्ये स्टिअरिंगवर, आणि मागे फाळक्याला खांदे लावून अर्धवट कोटांतले सगळे वकील. जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध उभे राहिलेले लोक त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला होते. टाके उसवत होते, बाह्या लोंबत होत्या, शिवणबाई "कापड सांभाळा, कापड सांभाळा" म्हणत मागे धावत होत्या. ट्रक कुरकुरला, हलला आणि हळूहळू घराच्या बाजूला वळून भिंतीशी जाऊन टेकला. विमेवाल्यांची खुर्ची काढायचं कुणाला सुचलं नाही. ती आता ट्रकखाली आहे.

आणि पुढच्या खोलीत ऊन आलं. तिरपं, पिवळं ऊन मशीनवर, कापडावर, थेट मागच्या भिंतीपर्यंत. शिवणबाई आत गेल्या, खुर्चीत बसल्या, सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात ओवली. ओवलेल्या सुईकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. दारात उभ्या असलेल्या विमेवाल्यांना म्हणाल्या, "दिसतंय हो." गंगेत घोडं न्हालं, असं विमेवाल्यांना वाटलं.

कोट झकास झाले. प्रत्येकाला एक डावी आणि एक उजवी बाही होती. ट्रकची किल्ली म्हातारबाबांनी विश्वासानं शिवणबाईंच्या हाती दिली. रविवारी ते ट्रकला भेटायला येत, शिवणबाई किल्ली देत, आणि बाबा नि विमेवाले केबिनमध्ये शेजारी शेजारी बसून कुठेही न जाता पुष्कळ लांब जाऊन येत. सगळ्यांचं छान चाललं होतं.

पण उजेड काही निवडून पडत नाही. ट्रक सरकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शिवणबाईंनी मान वर केली, तर पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर, कोपऱ्यात जळमटं, कपाटावर बोटानं नाव लिहावं अशी धूळ. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून विमेवाल्यांनी घरात एक लौकिक मोठ्या कष्टानं मिळवला होता, तो म्हणजे त्यांना साफसफाई जमत नाही. कप विसळायला घेतला की फोडायचा, केर काढला की कोपरे सोडायचे. बायकोनं कंटाळून नाद सोडला होता. आता काय सांगणार? अख्ख्या गल्लीनं बघितलं होतं की हा माणूस दिव्याच्या काचेवर हाः करून फडकं फिरवतो.

"अहो, ट्रक पुसता ना? स्टूल तिकडे आहे," शिवणबाई म्हणाल्या.

कोट न्यायला संघटनेच्या अध्यक्षबाई आल्या, तेव्हा विमेवाले स्टुलावर उभे होते. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात बनियन, पंख्याचं एकेक पातं ते मन लावून पुसत होते, दोन्ही बाजूंनी. अध्यक्षबाईंनी कोट उलटसुलट करून बघितले, पसंत केले, पुढच्या वर्षाचंही काम तिथेच देऊन टाकलं. मग त्यांची नजर वर गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

"माणूस चांगला मिळालाय हो तुम्हाला," त्या शिवणबाईंना हळूच म्हणाल्या. "कोपरेसुद्धा घेतोय. कुठून आणलात?"

"घरचाच आहे. जुना आहे, पण चालतो," शिवणबाई काजाचा दोरा तोडत म्हणाल्या.

"आमच्याकडे रविवारी पाठवाल का?"

शिवणबाईंनी क्षणभर विचार केला.

"रविवारी त्याला ट्रक असतो. शनिवारी पाठवते."